दस्तगीर, ते टायर माझे होते

दस्तगीर,

तुला माती देऊन आम्ही सगळे ट्रकच्या स्टँडवर परत आलो तेव्हा ऊन चढलं होतं. घरी जायला कुणाचा पाय उचलत नव्हता. चहा सांगितला. तू नसताना तुझ्याबद्दल बोलायची ती पहिलीच वेळ, त्यामुळं जो तो जपून बोलत होता. कुणी तुझ्या शिळेची आठवण काढली, कुणी तुझ्या त्या लोखंडी गजाची. मग एक जण म्हणाला, आणि प्रेमानंच म्हणाला, "माणूस सोन्यासारखा. पर शेवटी शेवटी जरा ढिला पडला. झिजून गोटा झालेल्या टायरवर दस्तगीर गाडी काढंल, आसं सपनात बी वाटलं न्हवतं."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

पंक्चर काढणारा नामदेव समोर बसला होता. त्यानं मान हलवली नाही. कपातला चहा तसाच ठेवून तो उठला आणि त्याच्या टपरीत जाऊन उगाच ट्यूब पाण्यात बुडवत बसला.

आपल्या गाडीवाल्यांच्या संघटनेच्या वार्षिक अंकात तुझ्यावर चार ओळी लिहायचं काम माझ्याकडं आलंय. "तू त्याचा जवळचा, तूच लिही," म्हणाले. तुझा जन्म कुठला, किती वर्षं गाडी चालवली, मागं कोण कोण आहे, ते सेक्रेटरी लिहितीलच. मला लिहायची सवय नाही. बोलायचीही नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? एकदा वडूजहून बेळगावपर्यंत तुझ्या शेजारी बसून आलो, आणि निपाणीच्या पुढं तू वैतागून म्हणालास, "इलास, मधनंअधनं हुंकार तरी दे रं. न्हाईतर मी झोपीन आन् दोघं बी जाऊ."

तर आता हुंकार देतो. उशीर झालाय.

हा अंक घरच्या बायकापोरांच्याही हातात जातो, म्हणून त्यांना समजेल असं सांगतो. मालाची गाडी दर काही काळानं साताऱ्याला आरटीओ ऑफिसच्या मैदानात न्यायची. साहेब ती फिरून बघतात. ब्रेक, दिवे, वायपर, मागची चमकती पट्टी, वेग आवरणारं यंत्र, टायर. सगळं जागच्या जागी असेल तर गाडी रस्त्यावर चालायला लायक आहे असा दाखला मिळतो. आपण त्याला पासिंग म्हणतो. ते नसेल तर विमा असून नसल्यासारखा, परमिट असून नसल्यासारखं, आणि बरा व्यापारी गाडी दारातसुद्धा उभी करू देत नाही.

आणि आपल्या स्टँडवर पासिंगची एक रीत आहे. ज्याची तारीख जवळ आली त्यानं स्टँडभर फिरायचं. याचा वायपर, त्याची औषधाची पेटी, कुणाचा लाल त्रिकोण, कुणाचा आग विझवायचा सिलिंडर. साताऱ्याला जाऊन यायचं आणि संध्याकाळी ज्याचं त्याला परत. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लग्नात शेजारच्यांची भांडी आणावीत तसं. तुझ्या गाडीत सगळं कायमचं असायचं, म्हणून सगळे तुझ्याकडंच यायचे. तुझा तो सिलिंडर इतक्या गाड्यांबरोबर साताऱ्याला जाऊन आला, की तू म्हणायचास, "सायेब आता त्याला नावानं वळखत्यात. घरी समदं बरं हाय का म्हणून इचारत्यात."

तू कुरकुरायचास, पण द्यायचास. फक्त टायर द्यायचा नाहीस. आम्ही एकमेकांना टायरही द्यायचो. नामदेव सकाळी काढायचा, संध्याकाळी परत चढवायचा. तू तेवढं एक कधी केलं नाहीस. "सिलिंडर न्हेला तर जळून जळंल माजी गाडी," म्हणायचास. "टायर न्हेला तर जाणारा जीव भलत्याचाच आसतो."

यावरून आपलं किती वाजलं असेल. तुझ्या गाडीत, माझ्या गाडीत, नामदेवाच्या टपरीत. मी म्हणायचो, हे नियम करणारे कधी स्टिअरिंगवर बसलेत का? एक गाडी असणाऱ्या माणसानं करायचं तरी काय काय? पासिंग, परमिट, टॅक्स, विमा, धुराचं सर्टिफिकेट, वर आता गाडी कुठं आहे ते दाखवणारं यंत्र. एकाची मुदत वाढवून आणली की दुसऱ्याची संपलेली. सगळं ऑनलाइन केलंय म्हणतात, आणि ऐन तारखेला ते ऑनलाइन बंद. गाडी मैदानात दिवसभर उभी आणि भाडं दुसऱ्यानं नेलेलं. तू हे सगळं ऐकून घ्यायचास. मधेच "व्हय, खरं हाय," असंही म्हणायचास, त्यानं मला आणखी राग यायचा. आणि शेवटी म्हणायचास, "समदं खरं हाय, इलास. पर टायर फुटतो तवा त्यो न्हाई इचारत, का तुमचं ऑनलाइन चालू हुतं का बंद."

मी म्हणायचो, तू ऑफिसातच भरती हो. स्टँडवर तुला सगळे इन्स्पेक्टर म्हणायचे ते माझ्यामुळंच. नाव मी ठेवलेलं.

तुझा तो गज मला आठवतो. रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी तू गजानं एकेक टायर वाजवायचास, कान देऊन. मग हात फिरवायचास, आजारी पोराचं अंग तापलंय का बघावं तसा. दुसऱ्याची गाडी शेजारी असली तर चालता चालता तिच्याही टायरवरून हात फिरायचा. माझ्या गाडीजवळ आलास की हात फिरवून माझ्याकडं नुसता बघायचास. मी बिडी पेटवायचो.

कांद्याच्या त्या व्यापाऱ्यानं वजनाच्या वर चार पोती टाकायला सांगितली होती, आणि तू गाडीचा मागचा फाळका लावून चावी खिशात घातलीस, ते तर अख्ख्या बाजारानं बघितलं. तो म्हणाला, "आवं, चार पोती काय चावत्यात व्हय?" तू म्हणालास, "मला न्हाई चावत. ब्रेकाला चावत्यात." नंतर ती चार पोती मीच नेली. उतारावर ब्रेक तापल्याचा वास आला तेव्हा तू आठवलास, आणि तुझाच राग आला.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही, कारण ती सांगताना मला रडू येईल असं वाटायचं. माझे वडील अखेरचे पडले तेव्हा माझी गाडी भरलेली होती, हुबळीला जायची. तू तुझी गाडी उभी केलीस आणि माझी घेऊन गेलास. परत आलास तो थेट आमच्या दारात. वडलांना जाऊन दोन दिवस झाले होते. तू माझ्या शेजारी बसलास आणि म्हणालास, "गाडीचा मागचा दिवा लागत न्हवता. लावून आणलाय." मला त्या दुखवट्यात हसू फुटलं. घरातल्या बायका बघायला लागल्या. तूही हसलास. त्या दिवशी मला वाटलं, याचं मी काहीही ऐकीन.

ऐकलं नाही ते नाहीच. उलट त्या हुबळीच्या फेरीचाच मी तुला बांधायला दोरखंड केला.

माझ्या पासिंगची तारीख आली तेव्हा माझे पुढचे दोन टायर पार गुळगुळीत झाले होते. सांगलीचा एक व्यापारी बारमाही काम देणार होता, पण दाखला बघितल्याशिवाय गाडी लावून घेणार नव्हता. स्टँडवर चांगले टायर कुणाकडंच नव्हते. तुझे पुढचे दोन मात्र नवे कोरे. मी तुझ्याकडं आलो. तू हसलास. "आरं इलास, टायर म्हंजे काय वाटीभर साखर हाय व्हय?" मी हसलो नाही. तू म्हणालास, आणखी चार दिवस थांब, नवे घे, मी येतो संगट निवडायला.

आणि मी म्हणालो, "वडील गेले तवा माझी गाडी हुबळीला न्हेलीस. ते कशाला केलंस मग? एवढ्यासाठी तोंड फिरवायचं हुतं तर?"

दस्तगीर, तू माझ्यावर उपकार केला होतास आणि मी तो तुझ्यावरच उगारला. तुझं तोंड उतरलं. तू नामदेवाला हाक मारलीस, "काढ रं, बाबा." नामदेव तुझ्याकडं बघत राहिला. तू परत म्हणालास, "काढ." तुझे माझ्या गाडीला चढले, माझे तुझ्या गाडीला. माझ्या गुळगुळीत टायरवरून तू एकदा हात फिरवलास आणि पँटीला पुसलास. "सांजच्याला बदलायचं," एवढंच म्हणालास. "तवर माजी गाडी हलत न्हाई."

साताऱ्याला साहेबांनी तुझ्या टायरच्या नक्षीत बोट घालून बघितलं आणि पुढं गेले. गाडी पास झाली. मैदानाच्या दारातच फोन आला. त्या सांगलीच्या व्यापाऱ्याचा माल कराडला तयार होता, बेंगळुरूला जायचा, लगेच येतोस का म्हणाला. मी गाडी तशीच कराडकडं वळवली. तुला फोन केला तो पेठनाक्याच्या पुढं गेल्यावर, म्हणजे तू परत फीर म्हणालास तरी फिरता येऊ नये म्हणून. नुसता तुझा श्वास ऐकू आला. मग म्हणालास, "बरं. हळू जा."

तिकडून परतीचं भाडं मिळालं. मग मधलं एक. रोज सांगायचो, उद्या येतो. तू रोज म्हणायचास, बरं. तुझी गाडी स्टँडवर उभीच, आणि लोक विचारायचे, काय इन्स्पेक्टर, सुट्टी काय? तू सांगायचास, जरा काम काढलंय.

मग आपल्या गावच्या मानेकाकांच्या रानातलं आलं निघालं. धुऊन, पोत्यात भरून त्यांच्या अंगणात पडलं, आणि ज्याला गाडी सांगितली होती तो आलाच नाही. आलं पोत्यात तापायला लागलं. काका तुझ्या दारात येऊन बसले. तू मला फोन केलास. तेवढाच एक फोन तू आपणहून केलास. "इलास, कवा येतोस? काकांचं आलं जातंय. सांगलीला पोचवाय पायजे." मी तेव्हा हुबळीच्या बाहेर जेवत होतो. माझ्या तोंडात घास होता. मी म्हणालो, "आरं, सांगली काय लांब हाय? हळू चालव. काय हुत न्हाई."

हे मी म्हणालो. नियम झिजलेल्या टायरबद्दल काय सांगतो ते दोघांनाही पाठ होतं. तो मोड म्हटलं तर तू कधी ऐकलं नसतंस, पण तुझ्या दारात म्हातारा बसला होता आणि तुझे टायर माझ्याकडं होते. तुला दुसरी वाट मी ठेवली नव्हती. वर धीरही मीच दिला.

विट्याच्या पुढच्या उतारावर डाव्या बाजूचा फुटला. तू हळूच चालवत होतास, सगळे तेच सांगतात. गाडी ओढली गेली आणि समोरून येणाऱ्या मोटरसायकलला लागली. दुधाच्या किटल्या घेऊन जाणारा पोरगा, सुनील त्याचं नाव, त्याचा पाय मोडला. पोलीस आले, नंतर ऑफिसचे साहेब आले, फुटलेला टायर बघितला, उजवाही बघितला. दोन्ही गोटा. कुणाचे हे टायर, असं विचारल्यावर तू म्हणालास, "गाडी माजी, तर टायर बी माजेच." तुझं लायसन तीन महिन्यांसाठी गेलं. उभ्या जन्मात ज्याच्यावर एक पावती फाटली नव्हती, त्याचं.

मी आलो तो सरळ तुझ्याकडं. तू अंगणात बसला होतास. मी म्हणालो, मी जाऊन सांगतो, टायर माझे होते. तू म्हणालास, "सांगून काय व्हनार? तुजं पासिंग रद्द हुईल, काम जाईल, तुजी बी गाडी हुबी ऱ्हाईल. एक हुबी हाय ती बास झाली." आणि थोड्या वेळानं, "दिलं कुणी? म्याच दिलं. चालवली कुणी? म्याच."

मला हायसं वाटलं.

हा शब्द लिहिताना हात थांबला होता. पण तेच झालं. छातीवरचं उतरलं. मी चहा पिऊन घरी गेलो आणि मला झोप लागली. टायरही मी तुझे परत केले नाहीत. तुझी गाडी तशीही उभीच आहे, लायसन मिळेपर्यंत राहू देत, असं मी मनाशी म्हणालो. तुला विचारलंसुद्धा नाही. तुझ्या गाडीच्या पुढं डाव्या बाजूला स्टेपनी, उजव्या बाजूला माझा गोटा. माझी गाडी तुझ्या टायरवर सांगली-बेंगळुरू करत राहिली.

स्टँडवर मग चेष्टा सुरू झाली. नाव मीच ठेवलेलं ना, त्याच नावानं. "इन्स्पेक्टरच घावला." "सिलिंडर बी उसना हुता का वं?" तू हसून चहा घ्यायचास. एकदा सगळे हसले तेव्हा मीही हसलो. म्हणजे तोंड हललं. तू कपाच्या कडेवरून माझ्याकडं बघितलंस. टायरवरून हात फिरवून बघायचास, तसाच. त्यानंतर मी तुझ्या वेळेला स्टँडवर यायचं टाळायला लागलो. तुला ते कळलं असणार, कारण तूच वेळ बदललीस. मला यायला मोकळं व्हावं म्हणून तू सकाळी लवकर येऊन जायला लागलास.

त्या तीन महिन्यांत तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस. लोक म्हणायचे, इथल्या इथं पंपापर्यंत न्यायला कोण विचारतंय? तू नामदेवाला सांगून गाडी पंपापर्यंत नेलीस आणि स्वतः शेजारी बसलास. आणि दर आठवड्याला एसटीनं सांगलीला जायचास. का, ते मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

लायसन परत मिळायला थोडे दिवस उरले होते. दुपारी जेवून आडवा झालास तो उठला नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याचा टायरशी काही संबंध नाही, असं मला सगळ्यांनी न विचारता सांगितलं. म्हणजे त्यांनी एकमेकांना सांगितलं, मी ऐकलं. आणि त्या ऐकण्यातही मी माझ्यासाठी थोडी जागा शोधत होतो.

तिसऱ्या दिवशी जियारतच्या प्रार्थनेला तुझ्या दारात मांडव होता. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. एक तरुण मुलगा काठी टेकत आला आणि माझ्याशेजारी बसला. पायात सळई होती त्याच्या. आपणहूनच बोलायला लागला. सांगलीच्या दवाखान्यात होता तेव्हा दर आठवड्याला तू जायचास, डाळिंबं घेऊन. सोलून दाणे वाटीत काढायचास आणि त्याची आई नसेल तेव्हा भरवायचास. सुरुवातीला तो तुझ्यावर ओरडला होता. तू ऐकून घेतलंस.

"मी त्यांना एकदा इचारलं," तो म्हणाला. "एवढं जुनं डायवर तुमी, तुमाला टायर दिसला न्हाई व्हय? तर म्हणाले, माजी नजर चुकली."

माजी नजर चुकली. दस्तगीर, तुझी नजर. जी माझ्या गाडीजवळून जातानासुद्धा चुकली नाही. लायसन गेलं ते गेलं, गाडी उभी राहिली ती राहिली. पण तू माझ्यासाठी तुझी नजरही देऊन टाकलीस. आणि ते देताना एका मुलाला भरवत होतास.

तो उठून एसटी स्टँडकडं निघाला. नामदेव मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं हे सगळं ऐकलं होतं. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "आता बी न्हाई, तर कवा बोलणार हाईस इलास?"

मी त्या मुलाच्या मागून गेलो. एसटी अजून लागली नव्हती. सांगलीच्या फलाटाजवळ उभं राहून मी त्याला सांगितलं. पासिंग, टायर, बेंगळुरू, हुबळीतला घास, सगळं. माझं बोलणं मध्ये मध्ये तुटत होतं, पण त्यानं ऐकून घेतलं. मग काठीचं टोक जमिनीवर टेकवत राहिला.

"मी त्यांना माफ केलं हुतं," तो म्हणाला. "लय इचार करून केलं हुतं. आता तुमी म्हणताय त्यांची चूकच न्हवती." गाडी आली. पायरीवर काठी ठेवताना तो म्हणाला, "तुमचं काय करायचं ते मला अजून ठरवाय पायजे." मी त्याला हात द्यायला गेलो. त्यानं दुसऱ्याचा हात धरला.

तुझ्या घरी जायला मला त्यानंतरही चार दिवस लागले. मला वाटत होतं, तू भाभीला सांगितलं असशील. वाटत होतं, ती म्हणेल, भाऊजी मला माहीत होतं. मी त्या वाक्याच्या आशेवर गेलो होतो, हेही खरं. तिला काहीच माहीत नव्हतं. तू घरातही सांगितलं नव्हतंस.

ती सुपात तांदूळ निवडत बसली होती. माझं बोलून झाल्यावर सूप तसंच मांडीवर राहिलं. ती म्हणाली, "मी त्यांना लय बोलले वं, भाऊजी. तीन महिने बोलत हुते. जगाला टायर शिकवता आन् सोता गोट्यावर जाता, पोराचा पाय मोडला. ते नुसतं बगायचे. एकदा म्हणाले, बास आता. म्या तवा बी बास केलं न्हाई."

मग ती उठून आत गेली. मी अंगणात बसून राहिलो. तुझा गज भिंतीला टेकलेला होता. किती वेळानं ती दारात आली आणि म्हणाली, "त्यांचे टायर आणून लावा." मी म्हणालो, भाभी, मी नवे आणून लावतो. ती म्हणाली, "नवे नकोत. त्यांचेच."

नामदेवानं दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गाडीचे दोन्ही टायर काढले. तुझे. मी ते झिजवलेत, दस्तगीर. नवे कोरे नेले होते आणि हे असे परत करतोय. नामदेवानं नक्षीत बोट घालून बघितलं, म्हणाला अजून खूप चालतील. मी त्याला म्हटलं ते मला सांगू नकोस. तुझ्या गाडीला ते चढल्यावर मी गज घेतला आणि तुझ्यासारखा वाजवून बघितला. मला त्यातलं काही कळलं नाही. तू काय ऐकायचास, ते विचारायचंच राहून गेलं.

मग मी साताऱ्याला गेलो. ऑफिसात गाडी बंद ठेवल्याचा अर्ज दिला. कारणाच्या जागी "टायर नाहीत" लिहिलं. क्लार्क हसला, म्हणाला, टायर नाहीत म्हणून कोणी अर्ज देतं का, नवे घ्या की. मी साहेबांना भेटून सांगितलं, की मागचं पासिंग उसन्या टायरवर झालंय, तुम्ही ते रद्द धरा. "असं येऊन सांगत नाही कुणी," म्हणाले. मी म्हणालो, नियम सांगणारा एक होता, त्याचं मी कधी ऐकलं नाही. ते त्यांना कळलं नसेल. सांगलीच्या व्यापाऱ्याला फोन केला. त्यानं दुसरी गाडी लावली.

तुझी गाडी भाभीच्या भाच्यानं पासिंगला नेली. सिलिंडर, पेटी, त्रिकोण, वायपर, सगळं तिचं तिचं. टायरही तिचेच.

माझी गाडी स्टँडवर रस्त्याच्या कडेलाच आहे, जिथून प्रत्येक गाडी वळते. पुढून ओंडक्यांवर उभी आहे. तुझ्या गाडीवरून उतरवलेला माझा गोटा टायर तिला टेकवून ठेवलाय. येणारा जाणारा काच खाली करून विचारतो, "का रं इलास, टायर कुठं गेलं?" आणि मी सांगतो. ज्यानं चहा पिताना तू ढिला पडलास म्हटलं होतं, त्याला सांगितलं तेव्हा त्यानं गाडी तिथंच रस्त्यात बंद केली आणि मागचे हॉर्न वाजवत राहिले. काही जण नंतर माझ्याशी बोलले नाहीत. एकानं शिवी दिली. सोलापूरकडचा एक ड्रायव्हर, जो तुला ओळखतही नव्हता, तो सगळं ऐकून खाली उतरला आणि स्वतःच्या टायरवरून हात फिरवून बघायला लागला. तुला आवडलं असतं.

हुबळीच्या फेरीबद्दल मी तुझे कधी आभार मानले नव्हते. मागच्या दिव्याबद्दलही नाही. ते आता मानतोय. माफी मागत नाही. ती कुणाकडं मागायची ते त्या सुनीलनं मला नीट दाखवलंय, आणि त्याचं अजून ठरायचंय.

परवा नामदेव ओंडके सरळ करता करता म्हणाला, "इलास, नवं टायर कवा घेणार हाईस?"

घेईन म्हटलं. टायर कुठं गेलं, ते अजून सगळ्यांचं विचारून झालेलं नाही.

तुझा,
विलास